गोंदणापासून मायक्रोब्लेडिंगपर्यंत : कपाळावरच्या रेघांचा इतिहास

अलिबागच्या बाजारपेठेत पार्लरच्या पाट्यांवर पूर्वी थ्रेडिंग, फेशियल, मेंदी आणि 'नववधूचा मेकअप' एवढंच लिहिलेलं असायचं. आता त्यांच्या जोडीला मायक्रोब्लेडिंग हा शब्द दिसतो. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू झाला, आणि मुंबईतली प्रत्येक फॅशन आमच्या किनाऱ्यावर त्याच विकांताला पोचायला लागली. त्यामुळे हा शब्द इथे आला यात नवल काहीच नाही. गंमत अशी, की ज्या गोष्टीला हे नवं नाव मिळालंय ती गोष्ट या किनाऱ्यावर फार जुनी आहे. तिचं आपलं नाव गोंदण.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी (म्हणजे मुख्यतः पुरुष वाचकांसाठी :-) ) थोडक्यात सांगतो. मायक्रोब्लेडिंग म्हणजे भुवया 'रंगवणं' नव्हे. पेनासारखी मूठ असते, तिच्या टोकाला डझनभर बारीक सुया एका तिरक्या ओळीत बसवलेल्या असतात. त्याने भुवईच्या जागी केसासारख्या बारीक रेघा मारतात आणि त्या रेघांत रंग भरतात. आधी बधिर करणारं मलम लावतात. मापं घेतात ती रंगात बुडवलेल्या दोऱ्याने, आमच्याकडे सुतार लाकडावर सूत मारतो अगदी तसंच. काम दीड-दोन तासांचं. मग आठ-दहा दिवस खपल्या, रंग आधी फार गडद आणि मग फिका, महिना-दीड महिन्याने पुन्हा एकदा हात फिरवायचा. साधारण एक ते तीन वर्षांत रंग उतरतो, म्हणून त्याला अर्ध-कायमस्वरूपी म्हणतात.

आता गोंदण कसं असायचं ते बघा. तीन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधलेल्या. दिव्याची काजळी, ती कालवायला कुठे पाल्याचा रस तर कुठे दूध. टोचून झालं की वरून हळद आणि तेल. यंत्र नाही, वीज नाही, छापा नाही. जे काही आहे ते हातात. म्हणजे एकविसाव्या शतकातल्या महागड्या पार्लरने इलेक्ट्रिक मशीन बाजूला ठेवलं आणि बांधलेल्या सुया पुन्हा हातात घेतल्या. आमच्या भाषेत याला रोलबॅक म्हणतात.

हे मशीन आलं कुठून, तेही वाचण्यासारखं आहे. १८७६ साली एडिसनने एका इलेक्ट्रिक पेनचं पेटंट घेतलं. त्याचा गोंदण्याशी काडीचाही संबंध नव्हता. ते हापिसातल्या कागदांच्या प्रती काढायला होतं. छोट्या मोटरवर सुई भराभर वरखाली व्हायची, कागदाला भोकं पडायची, त्या भोकांतून शाई दाबली की खाली प्रत तयार. एडिसनचं यंत्र बाजारात फार चाललं नाही. पण ८ डिसेंबर १८९१ रोजी न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओ'रायली या गोंदणाऱ्याने त्याच कल्पनेवर गोंदण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. कागदाच्या जागी कातडी, बस्स. आपल्या जत्रांमधून बॅटरीवर घुर्रघुर्र करत हातावर नाव लिहून देणारे बसतात, त्यांच्या यंत्राचा खापरपणजोबा म्हणजे हे झेरॉक्सचं एक फसलेलं मशीन!

भुवया-पापण्यांचं प्रकरण वैद्यकात आलं ते बरंच नंतर. १९८४ मध्ये अँग्रेस नावाच्या अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञाने पापणीच्या कडेला रंग भरण्याच्या पद्धतीवर वैद्यकीय नियतकालिकात निबंध लिहिला. ज्यांच्या पापण्या-भुवया आजारपणात गेल्या, ज्यांचे हात थरथरतात, अशांना त्याचा मोठा आधार झाला. हाताने रेघा मारण्याची पद्धत पूर्व आशियात वाढली आणि २०१५ च्या आसपास जगभर पसरली.

आता एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल (माझ्या तरी आला होता). सुई तीच, कातडी तीच, मग गोंदण मरेपर्यंत आणि हे दोन वर्षांत कसं जातं?

आपल्या कातडीचा वरचा थर साधारण महिन्याभरात नवा होतो. रंग तिथेच राहिला तर तो कातडीबरोबर झडून जाणार. त्याच्या खालच्या थरात रंग गेला तरच टिकतो. तिथे शरीराच्या सफाई कामगार पेशी धावत येतात आणि रंगाचे कण गिळतात. पण ते कण त्यांना पचतही नाहीत आणि फेकताही येत नाहीत. २०१८ मध्ये फ्रान्सच्या मार्सेय शहरातल्या संशोधकांनी उंदरांच्या शेपट्या गोंदून दाखवून दिलं, की अशी पेशी मेली की तिच्या पोटातला रंग बाहेर पडतो आणि शेजारची नवी पेशी तो पुन्हा गिळते. म्हणजे गोंदण हे कातडीवर काढलेलं स्थिर चित्र नाहीच. ते पिढ्यानपिढ्या हातोहात दिलं जाणारं सामान आहे. गार्बेज कलेक्टर चालू आहे, पण कचरा टाकायला जागाच नाही!

मायक्रोब्लेडिंगमध्ये रंग खालच्या थराच्या अगदी वरच्या भागात आणि थोडाच ठेवतात, आणि तो बहुधा लोहाच्या ऑक्साइडचा असतो. तो हळूहळू निघून जातो, उन्हाने फिका पडतो. गोंदणातली काजळी म्हणजे शुद्ध कार्बन, ती कुठे जात नाही. (आणि काळी काजळी हिरवट-निळी का दिसते? रंग खोल असतो आणि वरच्या कातडीतून प्रकाश विखरून येतो म्हणून.) कसबी हात म्हणजे काय, तर मिलिमीटरच्या अंशाअंशात ही खोली राखणारा हात. वर राहिला तर पैसे पाण्यात, खाली गेला तर रेघ पसरते आणि निळसर डाग वर्षानुवर्षं राहतो. लेझरने काढायला जावं तर लोहाचा तपकिरी रंग उलट काळा पडू शकतो. म्हणजे 'अर्ध-कायम' हे वचन सुईचं नसतं, हाताचं असतं.

असो. तंत्राबद्दल पुरे. मला खरं तर दुसऱ्याच गोष्टीबद्दल लिहायचंय. गोंदून घ्यायचं हे ठरवतं कोण?

माझी आजी अलिबागजवळच्या खारेपाटातली, आगरी. जन्म चरीचा शेतकऱ्यांचा संप मिटला त्या सुमाराचा, म्हणजे १९३९. तिच्या कपाळावर, दोन भुवयांच्या मधोमध एक ठिपका आहे, हनुवटीवर एक, आणि हातावर तुळस. कधी गोंदलं विचारलं तर ती साल सांगत नाही. "रामदास बोट बुडाली ना, त्या सालच्या दत्ताच्या जत्रेत," असं सांगते. रामदास बोट मुंबईहून रेवसला येताना १७ जुलै १९४७ ला बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. आमच्या किनाऱ्यावर त्या पिढीचं कॅलेंडर तिथून सुरू होतं. चौल-भोवाळ्याची दत्तजयंतीची जत्रा मार्गशीर्षात, म्हणजे डिसेंबर १९४७. आजी आठ वर्षांची. दोन बायकांनी हात धरले, आईने डोकं मांडीत दाबून धरलं, आणि गोंदणारणीला मोबदल्यात तांदूळ दिले. आजीला कुणी विचारलं नाही. "विचाराचं काय त्यात? सगल्यांना गोंदायचे," ती म्हणते.

का गोंदायचे, याची उत्तरं आगरी, कोळी, ठाकर, कातकरी सगळ्यांकडे थोड्याफार फरकाने सारखीच सापडतात. दृष्ट लागू नये म्हणून. दुखरा सांधा बरा व्हावा म्हणून. (आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेल्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या ओत्झीच्या अंगावर ६१ खुणा आहेत, त्यातल्या बऱ्याच दुखऱ्या सांध्यांवर आणि कंबरेवर!) आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे मेल्यावर सोनंनाणं इथेच राहतं, बरोबर येतं ते फक्त गोंदण.

न विचारता गोंदणारी फक्त आईच होती असं नाही. सरकारनेही हे केलंय. ईस्ट इंडिया कंपनीने १७९७ च्या नियमाने बंगालमध्ये जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचं नाव, गुन्हा आणि शिक्षेची तारीख गोंदायला सुरुवात केली. तंत्र अर्थातच इथलंच, गोदनाचं. कैदी केस वाढवून, पागोटं खाली ओढून ते लपवायचे. १८४९ मध्ये ही शिक्षा रद्द झाली. आई लेकीच्या भल्यासाठी टोचत होती आणि कंपनी कैद्याला पकडण्यासाठी, हा फरक मोठाच. पण कपाळ ज्याचं, त्याला दोन्हीकडे मत नव्हतं.

पुढे ज्या बायका आगबोटीने मुंबईला गेल्या, त्यांच्या मुलींनी गोंदून घेतलं नाही. माझ्या आत्यांच्या अंगावर एकही ठिपका नाही. शाळेत, इस्पितळात, नोकरीत गोंदण म्हणजे 'गावठी' अशी खूण झाली होती. आज हातभर टॅटू काढलेला माझा सहकारी 'कूल' ठरतो आणि पेणच्या बाजारात रानभाजी विकणारी कातकरीण मात्र तिच्या कपाळावरच्या रेघांमुळे लांबूनच मागास ठरते. नियम करणाऱ्यांपैकी लष्कराने तरी हा फरक उलट बाजूने ओळखलाय. भरतीत टॅटू फक्त हाताच्या ठरावीक भागावरच चालतो, पण आदिवासी उमेदवारांच्या चेहऱ्यावरच्या किंवा अंगावरच्या परंपरागत गोंदणाला सवलत आहे.

मात्र आजीच्या कपाळावरच्या त्याच ठिपक्याने एक गोष्ट केली, जी गोंदणाऱ्या कुणाच्याही मनात नसावी. आजोबा गेले तेव्हा आजी चाळिशीच्या आतबाहेर होती. रिवाजाप्रमाणे बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. कुंकवाखालचा ठिपका मात्र कुणाला पुसता आला नाही. आजी म्हणते, "आरशात बगितलं तवा मीच होते." बस, एवढंच. विधवांचं कुंकू पुसायची प्रथा बंद करायचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने केला तो मे २०२२ मध्ये, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही त्याचं अनुकरण करायला सांगितलं. आजीच्या कपाळाने तो ठराव चाळीस-एक वर्षं आधीच करून ठेवला होता.

आता आमच्या पिढीकडे येतो. माझ्या आत्तेबहिणीला चाई पडली. डोक्याचे केस परत आले, भुवया आल्या नाहीत. ज्यांना हे झालेलं नाही त्यांना वाटतं, भुवया काय, नसल्या तर नसल्या. पण भुवया गेल्या की चेहऱ्यावरचे भावच जातात. लोक 'आजारी आहेस का' विचारतात, रोज सकाळी पेन्सिलने भुवया काढायच्या आणि दुपारच्या दमट घामात त्या ओघळल्या तर नाहीत ना, हे दर तासाला बघायचं. तिने किनाऱ्यावरच्याच एका पार्लरवालीकडे जायचं ठरवलं. त्या बाईंनी पहिल्या दिवशी सुई उचललीच नाही. आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन चाई थांबल्याची खात्री करून घे, मग कानामागे रंग लावून ॲलर्जी बघू, असं सांगून परत पाठवलं. दोन महिन्यांनी काम झालं. पाकीटबंद सुया तिच्यासमोर फोडल्या, काम झाल्यावर तिच्यासमोर टाकल्या.

हा बदल मला यंत्रापेक्षा मोठा वाटतो. जत्रेत एकाच सुयांनी रांगेतल्या सगळ्या पोरींना गोंदायचे. रक्तातून पसरणारी कावीळ तेव्हा कुणाला ठाऊक नव्हती. आज ठाऊक आहे. म्हणूनच गोंदून घेतल्यावर वर्षभर रक्तदान चालत नाही. तेव्हा कुणाकडेही जाणार असाल तर सुई नवी आहे का, रंग कुठला आणि त्यात काय आहे, जखमेवर लोंब्या उठायची सवय असलेल्यांना, मधुमेह असलेल्यांना किंवा गरोदर बाईला ती नाही म्हणते का, हे विचारा. जी सगळ्यांना हो म्हणते तिच्याकडे जाऊ नका.

आजीने नातीच्या भुवया निरखून बघितल्या, हात फिरवून बघितला, किंमत विचारली. १५ हजार ऐकून म्हणाली, "एवरे पैसे दिले न दोन वर्सान जानार? मंग गोंदलं कशाला?"

बहिणीचं उत्तर असं, की जाणार म्हणूनच केलं. दोन वर्षांनी भुवया आल्या तर नको असेल, नाही आल्या तर पुन्हा करीन, आकार आवडला नाही तर बदलीन. दोघीही बरोबर आहेत असं मला वाटतं. आजीला पुसता न येणारी खूण कामाला आली, कारण तिच्या अंगावरचं बाकी सगळं दुसऱ्यांना पुसता येत होतं. नातीला पुसली जाणारी खूण परवडते, कारण ठेवायची की नाही हे ती स्वतः ठरवते. पंचाहत्तरेक वर्षांत आमच्या घरात सुई फारशी बदलली नाही. बदललंय ते हे, की टोचायच्या आधी जिचं कपाळ आहे तिला विचारलं जातं.

एक काम सांगतो, या विकांताला जमलं तर करा. घरात कुणा आजी-पणजीच्या अंगावर गोंदण असेल तर त्याचे उजेडात नीट फोटो काढा, आणि कुणी गोंदलं, कुठल्या जत्रेत, मोबदल्यात काय दिलं, दुखलं का, हे विचारून लिहून ठेवा. ही पिढी नव्वदीला टेकलीय. गोंदण बरोबर नेता येतं हे त्यांचं म्हणणं खरंच आहे, म्हणूनच ते जायच्या आत टिपून ठेवलं पाहिजे.