दूध, चिंबोरी आणि उल्हास नदीचा हिशेब

मासळीवर दूध पिऊ नये, हा घरोघरी ऐकलेला दंडक. कारण विचारलं तर "अंगावर कोड येतं" एवढंच उत्तर मिळतं. (वैद्यकशास्त्राला याचा पुरावा सापडलेला नाही, पण आजीशी वाद कोण घालणार?) तर मंडळी, आजच्या शनिवारी मी दूध आणि चिंबोरी मुद्दाम एका पानावर वाढतोय. कारण बदलापूर ते कल्याण या पट्ट्याचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास या दोघांच्या पेशींमधून जितका नीट वाचता येतो, तितका सरकारी कागदांतून येत नाही.

आधी थोडा भूगोल. उल्हास नदी राजमाचीच्या परिसरात उगम पावते, कर्जत-नेरळ करत बदलापूरला येते, कल्याणजवळ तिला काळू मिळते आणि मग तिची खाडी होते. दुसरी वालधुनी. ही छोटी. अंबरनाथच्या शिवमंदिराला लागून वाहते (मंदिरातला शिलालेख शके 982 चा, म्हणजे इसवी सन 1060), मग उल्हासनगर मधोमध कापत कल्याणला खाडीत उतरते. हजार वर्षांपूर्वी मंदिरासाठी जागा शोधणाऱ्यांना तो ओढा पवित्र वाटला असणार. आज लोकलच्या दारात उभं राहिलात तर तो आधी नाकाला कळतो, मग डोळ्यांना.

1949 च्या ऑगस्टमध्ये कल्याणच्या जुन्या लष्करी छावणीचं नाव उल्हासनगर झालं. फाळणीत सगळं गमावून आलेल्या सिंधी लोकांनी तिथे शून्यातून धंदे उभे केले. 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली आणि अंबरनाथ-बदलापूरच्या माळावर रासायनिक कारखान्यांचे प्लॉट पडले. शहाड-मोहने भागात रेयॉनचे मोठे कारखाने होते. रेयॉनला कॉस्टिक सोडा लागतो, आणि त्या काळी तो करण्याची रूढ पद्धत म्हणजे पाऱ्याच्या वाहत्या थरावर मिठाच्या पाण्यातून वीज सोडायची. पारा तत्त्वतः पुन्हा पुन्हा वापरता येतो. प्रत्यक्षात दर फेरीला थोडा निसटतो. 'थोडा' गुणिले रोज गुणिले वीस वर्षं, हे गणित कोणी मांडलं नव्हतं.

ते मांडायला सुरुवात केली मुंबईच्या विज्ञान संस्थेतल्या मंडळींनी. डॉ. बी. सी. हलदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा काळू नदीच्या प्रदूषणावरचा अभ्यास 1980 साली प्रसिद्ध झाला. 1982 साली दिल्लीहून निघालेल्या देशाच्या पहिल्या 'नागरिक अहवालात' आंबिवली गावाजवळच्या पाण्यात पारा आणि शिसं असामान्य प्रमाणात असल्याची नोंद आली. पुढे 2003 मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उल्हास खाडीच्या गाळातल्या पाऱ्यावर पेपर लिहिला. कायदा नव्हता असं नाही हं! महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध कायदा 1969 सालीच केला, म्हणजे केंद्राच्या 1974 च्या कायद्याच्याही आधी.

आता खरा प्रश्न. नदीकाठचं गवत म्हशीने खाल्लं आणि खाडीतला गाळ चिंबोरीने चिवडला, तर त्यातल्या धातूचं पुढे होतं काय? इथे पेशी काय करते ते बघावं लागतं.

चिंबोरीचं कवच उघडलं की आत पिवळसर-तपकिरी मऊ भाग दिसतो. खाणारे त्यावर आधी तुटून पडतात. ती तिची पचनग्रंथी. आपलं यकृत, स्वादुपिंड आणि कोठीची खोली असं तिघांचं काम ती एकटी करते. कवचधारींच्या या ग्रंथीतल्या पेशींची वर्गवारी हिर्श आणि जेकब्स या जर्मन संशोधकांनी 1928-30 च्या सुमारास केली. काही पेशी पाचकरस सोडतात, काही शोषून साठवतात. साठवणाऱ्या पेशींत कॅल्शियम फॉस्फेटचे बारीक कण असतात आणि शिशासारखे धातू त्या कणांत अडकून पडतात.

पाऱ्यासाठी आणि कॅडमियमसाठी वेगळी सोय आहे. 1957 साली घोड्याच्या मूत्रपिंडात एक विचित्र प्रथिन सापडलं. गंधकाने भरलेलं, धातूला घट्ट मिठी मारणारं. त्याला मेटॅलोथायोनिन म्हणतात. आणि गंमत बघा, 1982 साली खेकड्याच्या मेटॅलोथायोनिनची संपूर्ण रचना उलगडली गेली, तो खेकडा होता सायला सेराटा. म्हणजे जिला आपण चिंबोरी म्हणतो त्याच कुळातला! ज्या वर्षी आंबिवलीचं पाणी अहवालात आलं, त्याच वर्षी परदेशातली एक प्रयोगशाळा चिंबोरी जड धातू पकडून कसा ठेवते ते छापत होती. दोघांना एकमेकांची खबर असण्याचं कारण नव्हतं.

थोडक्यात, चिंबोरीचं धोरण आहे: पकडा, बांधा, कोपऱ्यात ठेवा. आमच्या भाषेत सांगायचं तर ती लॉग फाइल आहे, आणि ती सहजासहजी डिलीट होत नाही. अमेरिकेतल्या मेन राज्यात लॉबस्टरची हीच ग्रंथी खाऊ नका असा सरकारी सल्ला आहे, तो याच साठवणुकीपायी.

दुधाचं धोरण बरोब्बर उलटं. दुग्धग्रंथीची पेशी साठवायला नाही, द्यायलाच बनलेली आहे. वासराने ढुशी मारली की मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं, ग्रंथीभोवतालच्या पेशी आकुंचन पावतात आणि गाय पान्हा सोडते, हे आपल्याला ठाऊक असतं. पण दूध तयार कसं होतं हे दिसलं 1959 मध्ये. बार्गमान आणि क्नूप या जर्मन शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, की स्निग्धाचा थेंब पेशीबाहेर पडताना पेशीचंच आवरण अंगावर ओढून घेऊन जातो. आई बाळाला शालीत गुंडाळून पाठवते ना, तसं. केसिन आणि कॅल्शियम गॉल्जी यंत्रणेच्या पिशव्यांतून वेगळ्या वाटेने येतात.

यातलं कॅल्शियमचं प्रकरण फार भारी आहे. गाईच्या सगळ्या रक्तद्रवात मिळून कॅल्शियम असतं सुमारे 3 ग्रॅम. दहा लिटर दुधात जातं सुमारे 12 ग्रॅम! म्हणजे रोज अंगातल्या रोकडीच्या चौपट रक्कम वाटायची. त्यासाठी पेशीच्या दारावर पंप असतात. 2004 साली उंदरांमध्ये त्यातला एक पंप काढून टाकल्यावर दुधातलं कॅल्शियम साधारण 60 टक्क्यांनी घटलं. चिंबोरीलाही असाच ताण येतो, कवच टाकताना. जुनं कवच सोडलं की नवं टणक करायला तिला पाण्यातून कॅल्शियम भराभर ओढावं लागतं.

आणि इथेच शिसं डाव साधतं. त्याचा विद्युतभार कॅल्शियमसारखाच, त्यामुळे पेशीचे बरेच दरवाजे त्याला कॅल्शियम समजून आत घेतात. स्तनदा आईच्या हाडांतून कॅल्शियम मोकळं होतं तेव्हा पूर्वी कधीतरी जमलेलं शिसंही बाहेर पडतं. म्हणजे मुलगी लहानपणी ज्या नदीकाठी वाढली, त्याचा थोडा हिशेब वीस-पंचवीस वर्षांनी तिच्या बाळापर्यंत पोचू शकतो.

घाबरून जाऊ नका. दुग्धग्रंथी ही चांगली गाळणीही आहे. आईच्या रक्तातल्या शिशाचा अगदी थोडा अंश दुधात उतरतो. मिनामाता रोगामागचा सेंद्रिय पारा तांबड्या पेशींना चिकटून राहतो, दुधात कमी येतो. पहिले सहा महिने आईचंच दूध हा सल्ला डॉक्टर उगाच देत नाहीत. पण स्निग्धात विरघळणाऱ्या विषांपुढे गाळणी चालत नाही. ज्या थेंबाला ती शालीत गुंडाळते, त्याच थेंबात ती बसून जातात. आईच्या दुधात डीडीटी सापडल्याची नोंद 1951 सालची आहे.

म्हणून जगाने या दोन पेशींचा उपयोग वहीसारखा करायला घेतला. स्टॉकहोम करारात हवेबरोबर आईचं दूधही विषांच्या मोजणीसाठी निवडलं आहे. अमेरिकेत 1986 पासून किनाऱ्यावरचे शिंपले तपासून पाण्याचा इतिहास वाचतात.

आपल्याकडे? नोव्हेंबर 2014 मध्ये उल्हासनगरात कोणीतरी टँकरभर रसायन वालधुनीत ओतलं आणि शेकडो माणसं हॉस्पिटलात गेली. 2015 साली हरित लवादाने या नद्यांसाठी मोठा दंड ठोठावला. पण पाण्याची बाटली भरून तपासली की तिच्यात उतरतं फक्त त्या तासाचं पाणी. टँकर रात्री येतो, नमुना दुपारी घेतला जातो, पाणी तोवर खाडीत. सर्व्हर रात्री पडत असेल आणि आपण तो दुपारी बारा वाजता एकदा तपासून "ऑल ओके" म्हणत असू, तर क्लायंट आपल्याला ठेवेल का?

चिंबोरीला दुपार-रात्र नसते. तिच्या ग्रंथीत महिन्यांचा हिशेब असतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की दरवर्षी ठरलेल्या महिन्यात बदलापूरच्या बंधाऱ्यापाशी, अंबरनाथ-उल्हासनगरच्या खाली आणि कल्याणच्या खाडीत मिळतील ते खेकडे घ्यावेत, काठच्या तबेल्यांतलं दूध घ्यावं, त्यातलं शिसं, पारा, कॅडमियम मोजावं आणि आकडे नगरपालिकेच्या दारावर मराठीत लावावेत. अणुशोषण पद्धतीची यंत्रं मुंबईत कितीतरी प्रयोगशाळांत आहेत. रॉकेट सायन्स नाही हे.

खाडीकाठचे आगरी-कोळी लोक चिंबोरी खाणारच, आणि तबेल्याचं दूध सकाळी आपल्याच दारात येणार. ते थांबवा असं कोणी सांगू नये. नदी त्यांनी बिघडवलेली नाही. पण ताटात काय वाढलं जातंय, तो आकडा मागायचा हक्क त्यांना नक्की आहे.