यमुना ते यमू : मराठी वाचकाने कादंबरी आपली केव्हा मानली?

१/ एकच नाव, एकच दुःख आणि दोन कादंबऱ्या. १८५७ साली मराठीत एक कादंबरी प्रसिद्ध झाली. तिची नायिका यमुना. १८९० साली दुसरी एक क्रमशः सुरू झाली. तिची नायिका यमू. दोघी उच्चवर्णीय हिंदू घरांतल्या, दोघींच्या कपाळी अकाली वैधव्य. पहिलीचे नाव आज बहुधा परीक्षेच्या प्रश्नसंचात भेटते. दुसरी मात्र सव्वाशे वर्षांनंतरही छापली जाते, वाचली जाते. विषय तोच असताना असे का घडले? #मराठी_कादंबरी #थ्रेड

२/ पहिली कादंबरी म्हणजे बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’. पदमनजींचा जन्म १८३१चा, बेळगावचा. १८५४ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. जुलै १८५६मध्ये विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी हे पुस्तक आले. हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण करणे हा हेतू लेखकाने शीर्षकातच सांगून टाकला होता. यमुना पती विनायकासह प्रवासाला निघते आणि ठिकठिकाणी तिला विधवा भेटत जातात, अशी तिची रचना आहे.

३/ या पुस्तकाचे मोल कमी लेखता येत नाही. राजवाडा नाही, राजकन्या नाही, शाप-उःशाप नाहीत. खरी गावे आहेत, खऱ्या घरांतली दुःखे आहेत. मराठी कादंबरीचा आरंभच सामाजिक वास्तवापासून झाला, हे अभिमानाने सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. तरीही पुढची तीस वर्षे मराठी लेखकांनी हा मार्ग जवळजवळ सोडून दिला.

४/ त्याचे एक कारण रचनेतच होते. प्रत्येक मुक्कामी एक विधवा, तिची कहाणी, मग त्यावर चर्चा आणि त्यातून निघणारा बोध, असा क्रम चालू राहतो. विनायकाच्या मृत्यूनंतर यमुनेवर तोच प्रसंग ओढवतो. अखेरीस ती ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते. ही वाट कुठे जाणार, हे वाचकाला दोन मुक्कामांतच उमगते. शिवाय दुःख घरचे असले, तरी त्याकडे बोट दाखवणारा उंबरठ्याबाहेर उभा आहे, असे त्या काळच्या हिंदू वाचकाला वाटल्यावाचून राहिले नसेल.

५/ मग वाचकांना हवे काय होते? उत्तर ‘कादंबरी’ या शब्दातच काही अंशी सापडते. हे नाव सातव्या शतकातील बाणभट्टाच्या संस्कृत गद्यकथेवरून आले. नावाबरोबर अपेक्षाही आली : अद्भुत घटना, अलंकृत भाषा, विरह आणि पुनर्मीलन. १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली. सद्गुणी नायिका, कारस्थानी दुर्जन, ताटातूट, शेवटी सुखाची भेट. त्याच सुमारास कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणण्यास आरंभ केला. वाचनाची गोडी या पुस्तकांनी लावली.

६/ १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ प्रसिद्ध झाली. कादंबरीपेक्षाही तिची प्रस्तावना आज अधिक महत्त्वाची वाटते. रिसबुडांचे म्हणणे थोडक्यात असे : आपल्या लोकांच्या विवाहाच्या चालीमुळे आणि इतर कारणांमुळे हिंदूंच्या आयुष्यात मन वेधून घेतील असे गुणही नाहीत आणि दोषही नाहीत. रोजच्या अनुभवातले लिहावे तर त्यात रस उत्पन्न होत नाही. म्हणून मनोरंजक पुस्तक लिहायचे तर अद्भुताचा आश्रय करावा लागतो.

७/ आज हे वाचून हसू येते, पण रिसबुडांची अडचण खरी होती. त्या काळी वाचल्या जाणाऱ्या बहुतेक इंग्रजी कादंबऱ्या एका प्रश्नावर उभ्या असत : कोणाचे लग्न कोणाशी होणार? भेट, ओढ, गैरसमज, नकार, होकार यांतूनच कथानक वाढे. येथे तो प्रश्न मुलगी आठ-दहा वर्षांची असतानाच वडीलधारी मंडळी निकालात काढीत. नायिकेला समज येण्यापूर्वीच तिची कथा संपलेली. मग लेखकाने लिहायचे तरी काय?

८/ एक उत्तर १८७१ साली रामचंद्र भिकाजी गुंजीकरांनी दिले. ‘विविधज्ञानविस्तार’मधून आलेली त्यांची ‘मोचनगड’ ही मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. शिवकाल, गड, पराक्रम. वाचकाला अद्भुताची गोडीही मिळाली आणि ते आपलेच आहे याचे समाधानही. पण स्वयंपाकघर, माजघर, विहिरीचा काठ या जागा अजूनही कादंबरीच्या वेशीबाहेरच होत्या.

९/ हरि नारायण आपटे यांचा जन्म १८६४चा, खानदेशातील पारोळ्याचा. त्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ १८८५ साली ‘पुणे वैभव’मधून येऊ लागली. विषय समकालीन पुण्याचा असला, तरी डोळ्यांपुढे नमुना होता तो रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाचा. लंडनची रहस्ये रंगवणाऱ्या रेनॉल्ड्सची हिंदुस्थानात तेव्हा मोठी चलती होती. थोडक्यात, रोजच्या जगण्यात रस निर्माण करण्याची युक्ती हरिभाऊंनाही अजून सापडायची होती.

१०/ १८९०च्या ऑक्टोबरमध्ये हरिभाऊंनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले. नावातच धोरण होते : रंजन करता करता ज्ञान द्यावे, घरातल्या सर्वांना वाचता येईल असे द्यावे. ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांच्या वादाची धग येथे नव्हती. याच पत्रातून ‘पण लक्षात कोण घेतो!’ क्रमशः येऊ लागली आणि १८९३पर्यंत चालली. कादंबरी वाचकाच्या घरी पाहुण्यासारखी येऊन परतली नाही. आठवड्यामागून आठवडे ती घरात वावरत राहिली.

११/ हरिभाऊंनी सर्वांत मोठा बदल केला तो सांगणाऱ्यात. यमुनेची कथा लेखक सांगतो. यमूची कथा यमू सांगते. ती स्वतःच्या बालपणापासून आरंभ करते. आई, दादा, वडिलांचा धाक, मैत्रीण दुर्गी, मग सासर. भाषा घरगुती, थोडी पाल्हाळिक, मध्येच आठवून मागे जाणारी. ओसरीवर बसून एखादी बाई आपली हकीकत सांगत आहे आणि आपण ऐकत आहोत, असा भास वाचकाला होतो. बोध करणारा लेखक तिच्या पदराआड जवळजवळ दिसेनासा होतो.

१२/ आणि येथेच रिसबुडांचा प्रश्न सुटला. लग्न लवकर झाल्याने कथा संपते, असे ते समजत होते. हरिभाऊंनी दाखवले की खरी कथा तेथून सुरू होते. या मुलीचे लग्न कोणाशी होणार, हा प्रश्न मागे पडला. हे घर या मुलीचे काय करणार, हा पुढे आला. मग सासूच्या बोलण्यातला एखादा सूर, नवऱ्याने लिहावाचायला शिकवणे आणि त्यावरून होणारी टोचणी, हीच कथानकातील वळणे ठरली. त्यांसाठी ना भुयार लागले, ना जादूची अंगठी.

१३/ दुसरी गोष्ट सुखाची. पदमनजींच्या विधवा वाचकाला भेटतात तेव्हा बहुधा आधीच विधवा असतात. त्यांची कीव येते. यमू मात्र वाचकाने हसताना पाहिलेली असते. रघुनाथरावांशी जुळलेले तिचे मन, मुंबईतला त्यांचा स्वतंत्र संसार, हे सारे त्याने आठवड्यागणिक वाचलेले असते. म्हणून रघुनाथराव जातात तेव्हा वाचकाचेही काही जाते. पुढे तोंडाने धर्माच्या गोष्टी करणाऱ्या शंकरमामंजींचा अंमल आणि यमूचे बळाने केलेले केशवपन. तोवर तिच्या केसांना केवळ चर्चेचा विषय मानणे वाचकाला अशक्य झालेले असते.

१४/ येथे एक आक्षेप रास्त ठरेल : हे सारे काळाचे माहात्म्य नव्हे काय? १८५७मध्ये वाचणाऱ्या स्त्रिया किती होत्या? १८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले. त्याच वर्षी रखमाबाईंचा खटला उभा राहिला. १८८९मध्ये पंडिता रमाबाईंचे शारदा सदन सुरू झाले. मार्च १८९१मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन वयाची मर्यादा दहावरून बारावर गेली. त्या कायद्यावरून पुण्यात रण माजले असतानाच ‘करमणूक’ घरोघर जात होते. वाचक तयार होता, हे खरेच.

१५/ पण त्या वादात निबंध, व्याख्याने आणि पत्रके यांचा पाऊस पडला आणि बहुतेक सारे विस्मरणात गेले. शास्त्राधार काय, सरकारचा अधिकार किती, यांवर दोन्ही बाजू तावातावाने बोलत होत्या. यमू यांपैकी कशाचाही निकाल मागत नाही. आपल्यावर काय गुदरले एवढेच ती सांगते. सुधारणेला विरोध करणाऱ्या गृहस्थालाही तिचे म्हणणे खोडून काढण्याची सोय नव्हती, कारण तिने युक्तिवाद मांडलाच नव्हता. काळाने दार उघडले असेल. आत येऊन बसण्याचे काम कथनानेच केले.

१६/ तरीही ‘खरे लिहा म्हणजे वाचक मिळेल’ असा सोपा निष्कर्ष काढता येत नाही. त्याची साक्ष देणारी एक कादंबरी ‘पण लक्षात कोण घेतो!’च्या दोनच वर्षे आधीची आहे. सत्यशोधक कृष्णराव भालेकर यांची ‘बळीबा पाटील’ १८८८ साली ‘दीनबंधू’मधून आली. पार्श्वभूमी १८७७च्या दुष्काळाची. माणसे गावातली, शेतातली. मराठीतील पहिली ग्रामीण कादंबरी म्हणून तिचे नाव आज घेतले जाते.

१७/ अनुभव अस्सल, भालेकर त्या समाजातलेच आणि पत्रही आपल्याच लोकांचे. पण ज्या शेतकऱ्याने ती वाचून ‘हे तर आमचेच घर’ म्हणावे, त्याच्यापर्यंत अक्षरच पोहोचलेले नव्हते. आणि ज्यांच्यापर्यंत अक्षर पोहोचले होते, त्या शहरी पांढरपेशा वाचकाला त्या घरात आपले काही दिसले नाही. वाङ्मयेतिहासांनीही दीर्घकाळ तिची फारशी दखल घेतली नाही. तेव्हा कादंबरीच्या यशापयशाचा निवाडा अनेकदा पुस्तकाच्या बाहेर, शाळेच्या दारात झालेला असतो.

१८/ हे ध्यानात घेतले की यमूच्या यशाची मर्यादाही दिसते. ते यश पुण्या-मुंबईच्या ब्राह्मण मध्यमवर्गाच्या माजघरातले होते. वाचक त्या घराचा आणि घर त्या वाचकाचे. बाणभट्टाचे नाव मिरवणारी अद्भुत कादंबरी कोणालाच आपली ओळख पटवून देत नव्हती, म्हणून ती सर्वांना सारखीच दूरची आणि सारखीच मोहक होती. वास्तववादी कादंबरीने ओळख पटवली. पण कोणाची ओळख पटवायची, ही निवडही तिच्याबरोबरच आली.

१९/ चारही पुस्तके शेजारी ठेवली की क्रम स्पष्ट होतो. ‘यमुनापर्यटना’जवळ सत्य होते, पण सांगणारा बाहेरचा वाटला. ‘मंजुघोषे’जवळ रंजन होते, पण घर नव्हते. ‘बळीबा पाटला’जवळ सत्य होते आणि सांगणाराही आतला होता, पण त्या घरात वाचता येणारे विरळाच होते. यमूच्या बाबतीत आतला आवाज, ओळखीचे घर आणि ते पान हाती धरू शकणारा वाचक या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. तिन्हींपैकी शेवटची तरी हरिभाऊंच्या एकट्याच्या हातची नव्हती.

२०/ आता अखेरची नोंद. ज्या १८९३ साली यमूची कहाणी पूर्ण झाली, त्याच वर्षी मार्चमध्ये पुण्यात धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. पुढे ते आपल्या मुरूड गावी गेले तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणणे कादंबरीला साधले होते. रूढीची पकड मात्र त्या पाण्याने सुटली नव्हती. तिला शाळा, आश्रम आणि कर्व्यांसारख्यांचे उभे आयुष्य लागले. हरिभाऊंनी शीर्षकात विचारलेला प्रश्न कादंबरी गाजल्यानंतरही तसाच उभा होता.

(थ्रेड समाप्त)