जैवडिझेलाची साठवण : एक ऐतिहासिक विवेचन

वनस्पतिजन्य इंधनाचा इतिहास सामान्यतः निर्मितीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १९०० साली पॅरिस येथील प्रदर्शनात डिझेलचे एक लहान एंजिन भुईमुगाच्या तेलावर चालविण्यात आले. १९३७ साली ब्रुसेल्स विद्यापीठातील शाव्हान यांनी पाम तेलाची अल्कोहोलाशी अभिक्रिया घडवून त्यातील ग्लिसरीन वेगळे काढण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. तेलाचा दाटपणा त्यामुळे उतरला आणि १९३८ मध्ये या इंधनावर ब्रुसेल्स व लूव्हाँ या शहरांदरम्यान बस धावली. तथापि असे इंधन टाकीत किती काळ टिकते, हा प्रश्न निर्मितीच्या प्रश्नाइतकाच मूलगामी आहे.

या प्रश्नाचे मूळ तेलाच्या प्रकृतीतच आहे. असंपृक्त मेदाम्लांपासून बनलेले जैवडिझेल थंडीत प्रवाही राहते. परंतु हवेतील ऑक्सिजनाशी त्याचा सहज संयोग होऊन आम्ले व चिकट राळ निर्माण होतात. घरातील तेल खवट होते, ते याच क्रियेने. उलटपक्षी संपृक्त मेदाम्लांचे इंधन टिकाऊ असते, पण थंडीत लवकर गोठते. म्हणजे एक दोष टाळावा, तर दुसरा पदरी येतो.

या दोषांची दखल मानकांनी क्रमाक्रमाने घेतली. ऑस्ट्रियाने १९९१ साली रेपसीड तेलाच्या एस्टरासाठी मानक ठरविले. २००३ च्या युरोपीय मानकाने ११० अंश सेल्सिअसला किमान ६ तास टिकण्याची अट घातली. पुढे ती ८ तासांची झाली. भारताचे मानक २००५ साली आले. त्याच वर्षी अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने डिझेलात २ टक्के जैवडिझेल सक्तीचे केले. पण हिवाळ्यात वाहनांच्या गाळण्या तुंबू लागल्या व डिसेंबरात ती सक्ती काही काळ स्थगित करावी लागली. पुरवठ्यातील काही इंधन मानकास उतरलेले नव्हते, असे आढळले. २००८ साली अमेरिकी मानकात इंधन थंड ठेवून मग गाळून पाहण्याची चाचणी समाविष्ट झाली.

मानकाची कसोटी मात्र नमुना घेतला त्या क्षणापुरतीच असते. नंतरचा भार साठवणाऱ्यावर पडतो. जैवडिझेल खनिज डिझेलापेक्षा अधिक पाणी शोषते. तळाशी साचलेल्या पाण्यालगत जीवाणू व बुरशी वाढतात. तांबे, पितळ, शिसे, कथील व जस्त यांच्या संपर्काने ऑक्सिडीकरण वेगावते. म्हणून टाकी पोलादाची वा अ‍ॅल्युमिनियमची हवी. ती शक्यतो भरलेली, ऊन व उष्णता यांपासून दूर असावी आणि तळाचे पाणी वेळोवेळी काढावे. प्रतिऑक्सिडीकारक द्रव्य ताज्या इंधनातच घालावे लागते, कारण एकदा बिघडलेले इंधन त्याने पूर्ववत होत नाही.

एका राज्याचा कायदा पहिल्याच हिवाळ्यात थांबावा, हा प्रसंग म्हणूनच बोधप्रद ठरतो. जैवडिझेलाच्या इतिहासात प्रयोगशाळेइतकेच स्थान साठवणीच्या टाकीलाही द्यावयास हवे.