पाण्याला वाट देणारा पंखा

गंगाखेडच्या घाटाखाली गोदावरीत नाव हाकणारा नावाडी वल्हे मागे रेटताना त्याचे पाते पाण्याला आडवे धरतो आणि तेच पाते, पाण्याबाहेर न काढता, पुढे आणावयाचे झाले की मनगटाच्या एका हिसक्याने कडेवर फिरवितो. समुद्रापासून इतक्या दूरच्या परभणी जिल्ह्यात ज्या युक्तीचे कोणास अप्रूप नाही, तीच शिडाच्या जहाजाखालच्या पंख्यात उतरविण्यास विलायतेतील नामांकित यंत्रविशारदांना बरीच खटपट करावी लागली.

जहाजास मळसूत्री पंखा लावण्याच्या सनदा स्मिथ आणि एरिक्सन यांनी इंग्लंडात १८३६ मध्ये निरनिराळ्या मिळविल्या, आणि १८४५ मध्ये पंख्याच्या ‘रॅटलर’ जहाजाने बाजूच्या चाकांवर चालणाऱ्या ‘अलेक्टो’ जहाजास उलट ओढून नेल्यावर पंख्याविषयीची तक्रार बहुतेक मिटली; परंतु कोळसा महाग, वारा फुकट, त्यामुळे जहाजे शीडही सोडीनात, आणि इंजिन बंद करून शिडावर निघालेल्या जहाजामागे तो निश्चल पंखा नांगरासारखा ओढ देऊ लागला. मुंबईच्या गोदीत सागवानातून घडवून १८४८ मध्ये पाण्यात सोडलेल्या ‘मियानी’ या शिडाच्या युद्धनौकेसही पुढे वाफेचे इंजिन आणि पंखा बसविण्यात आला, म्हणजे शीड आणि पंखा यांचा हा जोडसंसार आपल्या किनाऱ्यालाही अपरिचित नव्हता. इंग्रजी आरमाराने पंख्याच्या या ओढीवर काढलेला तोडगा राजेशाही होता: शेकडो खलाशी दोरांना लावून अख्खा पंखाच वर उचलून घ्यावयाचा! ‘वॉरियर’ या युद्धनौकेवर हेच चाले. मनुष्यबळाची अशी उधळपट्टी सरकारी खजिन्यासच परवडावी.

खरा मार्ग निराळा होता. बेनेट वुडक्रॉफ्ट यांनी १८४४ मध्ये पात्यांचा कोन बदलता येईल अशा पंख्याची सनद घेतली, आणि पुढे बर्कनहेडच्या लेअर्ड कारखान्यातील बेव्हिस यांनी पोकळ शाफ्टमधून नेलेल्या दांड्याने जहाजाच्या आतूनच पाती प्रवाहाच्या रेषेत वळविण्याची सोय केली. पाती फिरवून शिडावर जाणाऱ्या अशा नौकांपैकी एक, ब्रॅसी कुटुंबाची ‘सनबीम’, १८८७ मध्ये मुंबईस आली. 

शिडाच्या नावांवरील आजच्या अशा पंख्यास तो दांडा बहुधा लागत नाही. इटलीच्या बियान्की यांनी १९७०च्या दशकात प्रचारात आणलेल्या रचनेत प्रत्येक पात्याच्या मुळाशी दात्यांचे चाक असून ते मधल्या चाकात अडकते. शाफ्ट फिरताच पाती ठरल्या कोनावर येऊन अडतात, उलट फिरविल्यास वळून तीच धार पुढे करतात, आणि शाफ्ट थांबला की पाणीच त्यांना कडेवर आणते. थांबताच पाती मागे मिटून घेणारा दुसऱ्या जातीचा पंखा याहून स्वस्त, परंतु मागे हटताना दुबळा. ज्याला दाटीच्या बंदरात नाव लावावयाची आहे, त्याने थोडे अधिक पैसे मोजून फिरत्या पात्यांचाच घ्यावा, असे माझे मत आहे. उलटपक्षी, जो इंजिनावरच फिरतो आणि शीड सणासुदीला उभारतो, त्याने हा खर्च करूच नये. लांबच्या शिडाच्या सफरीची गोष्ट वेगळी: भारतीय नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी २०१२ च्या नोव्हेंबरात ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेवरून मुंबईहून निघून कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून २०१३ च्या मार्चअखेर परतले; अशा सफरीत न वळणाऱ्या पंख्याची ओढ पाच महिने सोसावी लागते.

निगा मात्र कसोशीने राखावी लागते. नाव वर ओढली की पात्याचे टोक चिमटीत धरून हलवावे. ते खुळखुळले, तर दाते झिजले असे समजावे. जुने ग्रीस काढून नवे भरावे, शंखशिंपल्यांचा थर खरवडावा, आणि खाऱ्या पाण्याने पितळेऐवजी जस्तासच खावे म्हणून बसविलेला जस्ताचा तुकडा अर्धा झाला की बदलावा. पंखा उघडल्यास पात्यांवरील खुणा दात्यांशी जुळवूनच बसवाव्यात, कारण एक दाता जरी चुकला तरी एक पाते निराळ्या कोनावर राहते आणि सारी नाव थरथरू लागते. शीड उभारताना इंजिन पुढच्या गिअरमध्ये, मंद गतीवर असतानाच बंद करावे. मागच्या गिअरमध्ये बंद केल्यास पाती अर्ध्यावरच अडकण्याचा संभव असतो.