"अंगाला पाणी लावू नका": एका सूचनेचं वय किती?

रिसर्च मेथडॉलॉजीच्या तासाला आपल्याला एक गोष्ट घोकून घेतात: प्रत्येक विधानाला संदर्भ हवा. पण सूचनांचं काय? "हे लावू नका", "ते खाऊ नका", "असं करायचं नसतं" अशा सूचना लॅबमध्ये, वॉर्डात, शेतात वर्षानुवर्षं चालत राहतात आणि त्यांना कुणी संदर्भ मागत नाही. आज तुम्हाला अशाच एका सूचनेचा इतिहास सांगते. पीएच.डी.चा विषय शोधत असाल, सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर शेवटपर्यंत वाचा. विषय वैद्यकीय आहे, पण पद्धत कुठल्याही शाखेत चालेल.

सूचना अशी आहे: स्तनाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन चालू असताना त्या भागाला पाणी आणि साबण लावू नका.

आमच्या कळंब्यात रेडिएशनला कुणी रेडिएशन म्हणत नाही. "लाईट चालू आहेत" म्हणतात, नाहीतर "शेक घेतेय" म्हणतात. ओळखीच्या एका काकूंकडून मी हे वाक्य ऐकलं: "लाईट संपस्तोवर अंगाला पाणी लावायचं न्हाई." पाच आठवडे उपचार, त्यानंतर कातडी बरी होईपर्यंत आणखी काही दिवस. एप्रिल-मे महिना. घाम येतोय, खाज सुटतेय, ओल्या फडक्याने हातपाय पुसून दिवस काढायचे. आणि आपल्याकडे अंघोळ म्हणजे नुसती स्वच्छता नसते. अंघोळ झाल्याशिवाय देवाला हात लावायचा नाही, बऱ्याच घरांत चुलीशी जायचं नाही. काकूंना रेडिएशनपेक्षा याचाच त्रास जास्त झाला. "आजारी होते म्हणून नाही, पारोशी होते म्हणून कुणात बसले नाही," असं त्या म्हणाल्या.

म्हणजे ही छोटी सूचना नाही. तिची किंमत बाई मोजते. मग ती खरी आहे का, हे विचारायला हवं. त्याआधी विचारायला हवं की ती आली कुठून.

आधी एक गैरसमज: "शेक"

"शेक" या शब्दामुळे आपल्याला वाटतं की किरणांनी कातडी भाजते. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी जरा हिशेब करून बघा. नेहमीच्या पद्धतीत एका दिवसाचा डोस २ ग्रे असतो. म्हणजे एक किलो ऊतीला २ ज्यूल ऊर्जा. ऊतीची विशिष्ट उष्णता पाण्याच्या जवळपास धरा. तापमान वाढेल ते एका अंशाच्या साधारण दोन हजाराव्या भागाइतकं. चहाचा एक घोट याहून जास्त गरम करतो!

मग कातडी लाल का होते? किरणं पेशींच्या डीएनएला इजा करतात. त्वचेच्या तळाच्या थरात सतत नव्या पेशी तयार होत असतात आणि त्या वर सरकत जातात. या फेरीला साधारण महिना लागतो. तळाचं उत्पादन मंदावलं की वरचा थर झिजतो, पण मागून भर येत नाही. म्हणून पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लाली येते, मग कातडी काळवंडते, कोरडे पापुद्रे सुटतात. काखेत आणि स्तनाखालच्या घडीत कधी कधी कातडी ओलसर होऊन सोलवटते. बऱ्याचदा सगळ्यात जास्त त्रास उपचार संपल्यानंतरच्या आठवड्यात होतो आणि मग काही आठवड्यांत कातडी भरून येते. भाजल्यासारखं दिसतं, पण हे भाजणं नव्हे.

सूचनेचा जन्म: कातडीच जेव्हा मोजपट्टी होती

राँटजेनने क्ष-किरण शोधले ८ नोव्हेंबर १८९५ ला. शिकागोच्या एमिल ग्रुबे यांचा दावा होता की १८९६ च्या जानेवारीतच आपण स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णावर ते वापरले. या दाव्यावर इतिहासकारांनी शंका घेतल्या आहेत, पण पहिल्या काही वर्षांतच असे उपचार सुरू झाले हे नक्की. किरण हाताळणाऱ्यांचीच कातडी आधी गेली. एडिसनचा सहकारी क्लॅरेन्स डॅली याचे हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये तो वारला.

त्या काळात डोस मोजायला धड एककच नव्हतं. मग डॉक्टर काय मोजायचे? कातडीची लाली. जितक्या किरणांनी कातडी लाल होते तो एक डोस, त्याला "एरिथिमा डोस" म्हणायचे. राँटजेन हे एकक आंतरराष्ट्रीय पातळीवर स्वीकारलं गेलं ते १९२८ मध्ये, स्टॉकहोमच्या काँग्रेसमध्ये. तोपर्यंत, आणि व्यवहारात त्यानंतरही बराच काळ, कातडी हीच मोजपट्टी होती.

याला भौतिकशास्त्राचं कारण होतं. तेव्हाची "खोल उपचारा"ची यंत्रं साधारण २०० ते २५० किलोव्होल्टची. अशा किरणांचा सगळ्यात जास्त डोस बसतो तो पृष्ठभागावर, म्हणजे कातडीवरच. आतल्या गाठीला पुरेसा डोस द्यायचा तर कातडीने आधी जास्त सोसायचं. उपचार कुठे थांबवायचा हे कातडी ठरवायची. अशा वेळी डॉक्टर आणि नर्स कातडीला काचेसारखं जपणार, हे ओघानं आलंच. पाणी नको, साबण नको, घासणं नको.

पावडर आणि मलमांवरची बंदीही याच काळातली. झिंक ऑक्साईडसारख्या धातूच्या संयुगांवर कमी ऊर्जेचे किरण पडले की फोटोइलेक्ट्रिक परिणाम होतो. तो अणुक्रमांकाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढतो. बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन लगतच्या कातडीत आणखी डोस टाकतात. तेव्हाच्या यंत्रांसाठी ही काळजी रास्त होती.

मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं २८ फेब्रुवारी १९४१ ला. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियाने गेल्या, त्यानंतर दोराबजी टाटांच्या मनात या हॉस्पिटलची कल्पना आली. हॉस्पिटल उघडलं तेव्हा जगभर क्ष-किरण उपचाराचं युग हेच, किलोव्होल्टचं होतं. म्हणजे आपल्या महाराष्ट्रात किरणोपचार रुजले तेच मुळी या "कातडी जपा" काळात.

सूचनेला आणखी एक पाय होता, तो लक्षात ठेवा. किरणं रोज त्याच जागी पडावीत म्हणून अंगावर शाईच्या खुणा करतात. पाण्याने खुणा गेल्या तर नेम चुकणार. म्हणून "पाणी नको". ही दोन वेगळी कारणं आहेत, एक कातडीचं आणि एक शाईचं. रुग्णापर्यंत येता येता दोन्हींचं मिळून एकच वाक्य झालं आणि कारणं गळून पडली.

यंत्र बदललं, सूचना तीच

१९५१ मध्ये कॅनडात सॅस्काटून आणि लंडन (हे ओंटारिओतलं लंडन) या दोन शहरांत कोबाल्ट-६० यंत्रं सुरू झाली. कोबाल्टच्या गॅमा किरणांची सरासरी ऊर्जा १.२५ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट. आता गंमत बघा. या किरणांचा सर्वाधिक डोस कातडीवर नाही, तर तिच्या खाली साधारण अर्धा सेंटीमीटर बसतो. नंतर आलेल्या ६ मेगाव्होल्टच्या लिनिअर ॲक्सिलरेटरमध्ये तो दीड सेंटीमीटर खाली जातो. कातडीला मोठी सवलत मिळाली. शिवाय या ऊर्जेला कॉम्प्टन परिणाम वरचढ असतो, त्यामुळे धातूच्या पावडरीचा जुना हिशेबही बदलला.

१९६२ मध्ये टाटा मेमोरियल अणुऊर्जा विभागाकडे आलं. पुढे त्याच विभागाच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने "भाभाट्रॉन" हे स्वदेशी कोबाल्ट यंत्र तयार केलं. यंत्राच्या दोन पिढ्या बदलल्या.

सूचना मात्र बदलली नाही. का? कारण यंत्र बदलायला टेंडर निघतं, ट्रेनिंग होतं, जुनं यंत्र हलवलं जातं. सूचना कुणी हलवत नाही. ती सिनियर नर्सकडून ज्युनियर नर्सकडे, जुन्या पेशंटकडून नव्या पेशंटकडे जाते. ती पाळल्याने कुणी मरत नाही, त्यामुळे कुणाचं लक्षही जात नाही.

कुणीतरी विचारलं

१९९२ मध्ये कॅम्पबेल आणि इलिंगवर्थ यांनी ब्रिटनमधून एक पेपर प्रसिद्ध केला. शीर्षकातच प्रश्न होता: स्तनावर किंवा छातीवर रेडिएशन चालू असताना रुग्ण धुऊ शकतात का? त्यांनी चिठ्ठी टाकावी तसे रुग्णांचे तीन गट केले: न धुणारे, फक्त पाण्याने धुणारे आणि साबण-पाण्याने धुणारे. धुणाऱ्यांची कातडी जास्त बिघडली, असं काही दिसलं नाही. खाज उलट न धुणाऱ्यांना जास्त होती.

२००१ मध्ये कॅनडातल्या क्यूबेकमध्ये रॉय आणि सहकाऱ्यांनी पुन्हा तपासलं. कातडी ओलसर सोलवटण्याचं प्रमाण न धुणाऱ्या गटात ३३ टक्के निघालं आणि धुणाऱ्या गटात १४ टक्के.

इथे थांबा. "धुतल्याने फायदा होतो" असा निष्कर्ष तुम्ही काढलात ना? रॉय यांनी तो काढला नाही. रुग्णाचं वजन, केमोथेरपी, डोस सगळीकडे सारखा पडला की नाही, या गोष्टी हिशेबात धरल्यावर धुण्या-न धुण्याचा फरक फिका पडला. म्हणून उरलेला निष्कर्ष नेमका आणि माफक आहे: धुण्याने नुकसान होत नाही, तेव्हा बंदी घालायचं कारण नाही. पेपर वाचताना फक्त टक्केवारीवर थांबू नका, हे मी वारंवार सांगते ते यासाठीच.

मग बाकीच्या बंद्याही तपासणीला आल्या. २००९ मध्ये क्यूबेकमध्येच डिओडोरंटची चाचणी झाली. अखंड कातडीवर वापरल्याने त्रास वाढला नाही. २०१८ मध्ये बाऊमन यांच्या गटाने विचारणा केली तेव्हा रेडिएशनच्या आधी क्रीम लावू नका असं सांगणारे तज्ज्ञ ९१ टक्के निघाले. प्रत्यक्ष मोजल्यावर दिसलं की एक-दोन मिलिमीटरच्या थराने कातडीचा डोस वाढत नाही, फार जाड थर थापला तरच वाढतो. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत सौम्य साबणाने धुणं ही शिफारसच झाली. म्हणजे "धुऊ नका"चं "धुवा" झालं!

मग सगळंच जुनं चूक का?

नाही. हा मोह टाळा. सूचनेचं कारण कळलं की ती कुठे अजून लागू आहे तेही कळतं.

शाईच्या खुणांचं कारण आजही खरं आहे. जिथे गोंदणाचे कायमचे ठिपके न देता मार्करने खुणा करतात, तिथे त्या जपायलाच हव्यात. त्या घासायच्या नाहीत आणि पुसट झाल्या तर घरी पेनाने गिरवायच्या नाहीत, विभागात सांगायचं. दुसरं म्हणजे, पूर्ण स्तन काढलेल्या बाईला छातीवर रेडिएशन देताना कधी कधी मुद्दाम "बोलस" नावाची पट्टी ठेवतात. तिच्यामुळे जास्तीत जास्त डोस परत कातडीजवळ येतो, कारण तिथेच तो हवा असतो. तिथे कातडीची सवलत संपते. आणि काखेतल्या, स्तनाखालच्या घडीत किरणं तिरकी पडतात, तिथे त्रास आजही जास्त होतो.

म्हणून आजचा सल्ला साधारण असा असतो: कोमट पाणी, सौम्य साबण, हाताने हलकेच धुणं, टॉवेलने न घासता टिपणं, सैल सुती कपडे, उन्हापासून आडोसा. कातडी सोलवटली तर मनाने काही न लावता डॉक्टरांना दाखवणं. तुमच्या घरात कुणाचे उपचार चालू असतील तर हा लेख घेऊन भांडायला जाऊ नका, तर विभागात जाऊन नेमका प्रश्न विचारा: "पाणी नको ते कातडीसाठी, का खुणांसाठी?" या प्रश्नाचं उत्तर मिळालं की निम्मा प्रश्न सुटतो.

काळही कमी झालाय. पाच आठवड्यांचा उपचार ब्रिटनच्या स्टार्ट चाचण्यांनंतर (निकाल २००८) तीन आठवड्यांवर आला. २०२० च्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीने एका आठवड्यात पाच वेळांचा पर्यायही पुढे आणला. तो कुणाला योग्य हे डॉक्टर ठरवतात. पण गावाहून रोज एसटीने ये-जा करणाऱ्या बाईसाठी पाच आठवड्यांचे तीन होणं केवढं आहे, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको.

तुमच्यासाठी गृहपाठ

तुमच्या विषयातली एक सूचना निवडा, जी सगळे पाळतात पण जिचा संदर्भ कुणी देत नाही. मग तीन प्रश्न विचारा. ती पहिल्यांदा दिली गेली तेव्हा कोणतं यंत्र, कोणतं रसायन, कोणती पद्धत वापरात होती? ती आज वापरात आहे का? आणि नंतर कुणी ती सूचना तपासून पाहिली का?

तिसऱ्याचं उत्तर "नाही" आलं तर तुमच्या हातात पीएच.डी.चा विषय आहे. "हो" आलं, तरी चांगला लिटरेचर रिव्ह्यू आहे. आणि "हो, पण आपल्याकडे नाही" असं आलं, तर आणखी चांगलं. धुण्याच्या ज्या दोन चाचण्या मी सांगितल्या त्या ब्रिटन आणि कॅनडातल्या, थंड हवेच्या. कोल्हापूरचा मे महिना, नऊवारीच्या आतला घाम आणि अंघोळीशी जोडलेला सोवळ्या-ओवळ्याचा सगळा पसारा त्यांत कुठून येणार? "पारोशी होते म्हणून कुणात बसले नाही" हे काकूंचं वाक्य कुठल्याच टॉक्सिसिटी स्केलवर मोजलं जात नाही. ते कसं मोजायचं, यावर विचार करा आणि खाली लिहा.