घरच्या विमानाचं दप्तर

आमच्या धुळे शहरात इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे आणि शहराबाहेर गोंदूरला विमानाची धावपट्टी आहे. एका ठिकाणी जुने कागद जपले जातात, दुसऱ्या ठिकाणाहून विमानं उडतात. या दोन जागांचा एकमेकींशी काही संबंध असेल असं मला फार वर्षं वाटलं नव्हतं. तो संबंध कसा लक्षात आला, ते आज सांगायचं आहे.

2020 साली गोंदूरच्या धावपट्टीवर एका सहा आसनी विमानाची चाचणी झाली. हे विमान कुठल्या कारखान्यात तयार झालेलं नव्हतं. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात, राहत्या इमारतीच्या गच्चीवर ते जोडलं गेलं होतं. करणारे होते वैमानिक कॅप्टन अमोल यादव. नोकरी प्रवासी विमानं चालवण्याची आणि उरलेला वेळ गच्चीवर, असा त्यांचा क्रम होता. विमानाचं नाव टीएसी-003. हा त्यांचा तिसरा प्रयत्न. आधीचे दोन यशस्वी झाले नव्हते. फेब्रुवारी 2016 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनासाठी हे विमान सुटं करून क्रेननं खाली उतरवलं, तेव्हा लोकांनी ते पहिल्यांदा पाहिलं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची नोंदणी मिळाली 2017 साली, उड्डाणाची परवानगी 2019 साली आणि मग विमान आलं धुळ्याला. आपल्याकडे घरी बांधलेल्या विमानाला नियमांच्या चौकटीत बसवताना माणूस थकून जातो. पण यादवांचं विमान आज इतिहासात जमा आहे ते त्या कागदांमुळेच, असं मला वाटतं. का, ते सांगतो.

शाळेत असताना आम्हाला गुरुजींनी शिवकर बापूजी तळपदे यांची गोष्ट सांगितली होती. 1895 साली मुंबईत चौपाटीवर तळपद्यांनी ‘मरुत्सखा’ नावाचं विमान उडवलं, राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी! ऊर भरून आला होता. पुढे मी स्वतः शिक्षक झालो आणि ही गोष्ट वर्गात, व्याख्यानांत किती वेळा सांगितली याचा हिशेब नाही. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “सर, त्याचा फोटो आहे का?” मी म्हणालो, “त्या काळी फोटो कुठे होते?” उत्तर चुकीचं होतं. त्या काळी मुंबईत छायाचित्रकार भरपूर होते. मला ते ठाऊक होतं, तरी मी तिला गप्प केलं.

ती गोष्ट मनात राहिली. राजवाडे आयुष्यभर गावोगाव हिंडले ते कागदांसाठी. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे 22 खंड त्यांच्या नावावर आहेत. 1926 च्या अखेरीस ते धुळ्यातच वारले. त्यांचा आग्रह एकच होता, आधी अस्सल साधन आणि मग इतिहास. याच धुळ्यात राहून मी साधनाशिवाय इतिहास शिकवत होतो. तळपदे होते, त्यांना विमानविद्येचा ध्यास होता, हे खरं. परंतु त्या विमानाचा आराखडा, त्याचं वजन, उड्डाणाचं मोजलेलं अंतर, छायाचित्र, यांतलं काहीही आपल्या हाती नाही. तळपद्यांच्या नावाशी जोडलेल्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी 1974 साली तपासणी केली. ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यात वर्णिलेली विमानं उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तरीही 2015 साली मुंबईच्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर भाषण झालंच.

आता राइट बंधूंकडे पाहा. तेही घरीच विमान बांधणारे, सायकलींचे दुकानदार. 17 डिसेंबर 1903 रोजी त्यांचं पहिलं उड्डाण झालं 12 सेकंदांचं, अंतर 120 फूट. त्याच दिवशीचं चौथं उड्डाण 59 सेकंदांचं, 852 फुटांचं. पाच साक्षीदार हजर होते. पहिल्या उड्डाणाचं छायाचित्र आहे. आकडे किती लहान आहेत! फुशारकी मारणाऱ्यानं 120 फूट सांगितले नसते. मोजलं होतं म्हणून 120 फूट.

त्या छायाचित्रात एक गंमत दिसते. विमानाची शेपटी मागे असते असं आपण धरून चालतो. राइट बंधूंच्या विमानात नाक वर-खाली करणारे आडवे पंख पुढे होते. 1906 साली पॅरिसला सांतुस-दुमाँ यांनी उडवलेलं विमानही असंच. लांब मान पुढे काढून उडणाऱ्या बदकासारखं ते दिसे. बदकाला फ्रेंच भाषेत कॅनार्ड म्हणतात. तेव्हापासून पुढे लहान पंख आणि मागे मोठे पंख अशा रचनेला हेच नाव पडलं.

ही रचना पुढे मागे पडली, कारण तोल सांभाळणं अवघड. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलार होते, जू वर उचललं जातं. कॅनार्ड विमानाचं तसंच आहे. वजनाचा मध्य थोडा जरी मागे सरकला तरी ते बेभरवशाचं होतं. मात्र वजन नीट बसलं तर तिचा एक मोठा फायदा असतो. वेग फार कमी झाला की विमानाच्या पंखांची उचल अचानक संपते आणि विमान कोसळतं. कॅनार्डमध्ये पुढचा लहान पंख आधी हार मानतो. नाक आपोआप खाली झुकतं, वेग वाढतो आणि मोठ्या पंखांची उचल टिकून राहते.

ही जुनी रचना घरी विमान बांधणाऱ्यांच्या हाती पुन्हा दिली अमेरिकेतल्या बर्ट रुटान यांनी. त्यांनी आपलं पहिलं कॅनार्ड विमान घरच्या गॅरेजमध्ये बांधलं, ते 1972 साली उडालं. मग 1975 साली व्हेरीईझी आणि 1979 साली लाँग-ईझी. यांचे नकाशे ते विकत. बांधणाऱ्यानं फोमचे ठोकळे तापलेल्या तारेनं कापायचे, त्यावर काचेच्या धाग्यांचं कापड राळेनं चिकटवायचं. राळ जास्त झाली की वजन वाढलं. इंजिन मागे, दोन माणसं एकामागे एक. जमिनीवर उभं करताना त्याचं पुढचं चाक आत ओढून नाक टेकवून ठेवतात, बैलानं गुडघे टेकावेत तसं. कारण माणूस आत नसला तर ते मागे उलार होतं.

रुटान यांची मला सगळ्यात भावलेली गोष्ट म्हणजे त्यांचं पत्रक. ते विमान बांधणाऱ्यांसाठी निघे. कुणाचं काय चुकलं, कशात काय बदल करायचा, हे त्यात छापलेलं असे. पावसात पुढच्या पंखाची उचल कमी होते आणि नाक खाली जायला लागतं, हे उडवणाऱ्यांच्या ध्यानात आलं. दोष लपवला गेला नाही. पुढे पंखाचा नवा आकार तयार झाला आणि लोकांनी आपापले पंख बदलले. पुढे 1986 साली रुटान यांनीच आखलेल्या व्हॉयेजर या कॅनार्ड विमानानं वाटेत न थांबता, इंधन न भरता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली.

हा धागा भारतातही आला. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेनं लाँग-ईझीच्या धर्तीवर एक हलकं संशोधन विमान बांधलं आणि 1987 साली ते उडालं. या प्रयोगशाळेचं हंसा हे दोन आसनी विमानही अशाच काच-राळेचं. ते 1993 साली उडालं आणि पुढे फ्लाइंग क्लबांत मुलं त्यावर शिकली. गॅरेजमधलं ज्ञान देशाच्या प्रयोगशाळेला उपयोगी पडलं, कारण ते नकाशांत आणि आकड्यांत उतरलेलं होतं. मरुत्सखापासून कुणालाच काही शिकता आलं नाही.

आता पुन्हा गोंदूरला येऊ. यादवांचं विमान कॅनार्ड नाही, त्याची शेपटी नेहमीसारखी मागे आहे. परंतु घरी बांधलेल्या कुठल्याही विमानाची पहिली परीक्षा सारखीच असते. आधी जमिनीवर संथ धाव, मग वेगानं धाव, मग चाकं जेमतेम उचलायची आणि पुन्हा टेकवायची. प्रत्येक पायरीची नोंद करायची. आमच्या खान्देशात तर उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो. तापलेली हवा विरळ होते, त्याच विमानाला उडायला जास्त लांब धाव लागते. हे वहीत लिहिलेलं नसेल तर डिसेंबरात नीट उडालेलं विमान मे महिन्यात धावपट्टीच्या टोकाला दगा देईल. कागद हा इथे जिवाचा प्रश्न आहे.

नियम करणाऱ्यांनी घरी विमान बांधणाऱ्याची वाट सोपी करावी, असं मलाही वाटतं. प्रयोग करणाऱ्याची निम्मी उमेद कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर खर्च होऊ नये. पण मोजणं आणि तपासणं मात्र सोडू नये. धुळ्याला आणि जळगावला विमानं चालवायला शिकण्याची सोय झाली. उद्या यातलाच एखादा मुलगा किंवा मुलगी शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये विमान बांधायला घेईल. त्यांना मी एवढंच सांगेन की पहिल्या दिवसापासून वही ठेवा. फसलेलं आधी लिहा.

आणि मागच्या बाकावरच्या त्या मुलीला सांगायचं राहून गेलेलं उत्तर आज देतो. नाही बाई, त्याचा फोटो नाही. तू विचारलंस ते बरोबर होतं.