कोंकणच्या आगबोटी



गांधीबागेंत आयुष्य घालविलेल्या आम्हां नागपुरकरांस जलप्रवास म्हणजे शेजारच्या शुक्रवारी तलावांतील, म्हणजे गांधीसागरांतील, नौकाविहार. त्यामुळें वर्गांत इतिहास शिकवितांना ‘आगबोट’ हा शब्द मी वर्षानुवर्षें नुसता उच्चारीत आलों. कोंकणांत मात्र त्या एका शब्दांत घर, चाकरी आणि ताटातूट हीं सारीं सामावलेलीं होतीं.

एका बाजूस सह्याद्रि आणि वाटेंत जागोजाग खाड्या. तेव्हां मुंबईस जाण्याचा सोयीचा मार्ग समुद्राचाच. गिरण्यांतील चाकरमानी शिमग्या-गणपतीस आगबोटीनेंच गांवीं येत. धक्का नसे तेथें बोट खोल पाण्यांत उभी राही व उतारू पडावांतून किनाऱ्यास लागत. हा धंदा मुख्यतः इंग्रजांच्या हातीं होता. स्वदेशीच्या काळांत त्यांच्याशीं स्पर्धा करण्यास सहकारी तत्त्वावर एक कंपनी उभी राहिली. लोक तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. ‘माझी’ या शब्दांतच तिचें खरें भांडवल होतें. तिच्या बोटींस तुकाराम, रामदास अशीं संतांचीं नांवें होतीं.

त्यांपैकीं ‘रामदास’ बोट १७ जुलै १९४७ रोजीं सकाळीं मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसास निघाली. दिवस दिव्यांच्या अंवसेचा. वाटेंत प्रचंड लाटांनीं बोट कलंडली, घाबरलेले उतारू एकाच बाजूस धांवले आणि सहाशेंहून अधिक जीव बुडाले. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतें. मुंबईस वार्ता कळण्यास कित्येक तास गेले. मासळी विकावयास निघालेल्या कोळ्यांनीं मासळी समुद्रांत टाकून दिली आणि होड्यांत माणसें घेतलीं. स्वातंत्र्य तेव्हां अवघें २९ दिवसांवर होतें.

अन्यत्र जुन्या बोटी जतन केल्या जातात. स्कॉटलंडांतील लॉक कॅट्रिन या तळ्यावरील १८९९ सालची ‘सर वॉल्टर स्कॉट’ ही आगबोट बॉयलरला तडे गेल्यामुळें २०२० सालीं बंद पडली होती. लोकवर्गणी जमली, दुरुस्ती झाली आणि २०२३ सालीं ती पुनः उतारू नेऊं लागली.

‘रामदास’ परत येणार नाहीं. परंतु जवळजवळ त्याच मार्गानें, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास, मोटारींसह उतारू नेणारी बोट २०२० सालीं सुरू झाली. जुना जलमार्ग असा पुनः जागा होणें ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र पावसाळी समुद्राचा मान राखणें आणि किनाऱ्याशीं अखंड संपर्क ठेवणें, हे दोन धडे सहाशें घरांनीं फार मोठी किंमत देऊन आपल्यासाठीं ठेविले आहेत. नव्या बोटींत पाऊल ठेवणाऱ्यानें एवढें स्मरण ठेवावें.